म्हशीचं पांघरूण

टेकडीवरनं उतरलेला वारा त्या पहाटे गल्लीत शिरला, तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता. देवासला थंडी काही नवी नाही. पौषात दात वाजतात, माघात दारोदारी शेकोट्या पेटतात, आणि शिमगा आला की थंडी आपल्या पायानं निघून जाते. पण हा वारा अंगाला लागत नव्हता, अंगात शिरत होता. थंडी नुसती मी म्हणत होती. मालननं पदर कानाभोवती आवळून खोचला, शेणाची पाटी काखेला मारली आणि ती गोठ्याकडं निघाली.

रोजची रीत अशी की आधी म्हशीला पाणी दाखवायचं, मग शेण भरायचं, मग झाडलोट. मालननं दगडी कुंडीत कळशी बुडवली, तर कळशी खट्‌ करून वाजली आणि वरच राहिली. तिला वाटलं, कुणा द्वाड पोरानं कुंडीवर काच पसरून ठेवली. बोटानं टोकरून बघितलं तर काच बोटाला चिकटली आणि बोट बधिर झालं.

"आत्याबाई," ती घराकडं तोंड करून ओरडली, "पाणी थिजलंय!"

आतून सासूबाईंचा, सगुणाबाईंचा, आवाज आला. "तूप थिजतं गं. पाणी कुठं थिजतं?"

"मग येऊन बघा की!"

सगुणाबाई घोंगडी पांघरून, काठी टेकत आल्या. वाकून बघितलं, काठीनं ठोकून बघितलं आणि मागं सरकल्या. दुष्काळ, पटकी, टोळधाड, सगळं पाहिलेल्या त्या डोळ्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. "आई तुळजाभवानी," एवढंच त्या म्हणाल्या.

मालननं शेणाच्या पोवात हात घातला. आतून ऊब होती, तेव्हा कुठं बोटं आपली वाटली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की मघापासून कानावर काहीतरी किणकिणतंय. म्हशीच्या गळ्यातली घंटी. म्हैस तर एका जागी उभी होती. मान हलत नव्हती, रवंथ नव्हतं. चारी पाय पोटाखाली गोळा करून, पाठ धनुष्यासारखी वर काढून ती उभी होती आणि नखशिखांत थरथरत होती. त्या थरथरीनं घंटी वाजत होती, थांबायचं नाव नव्हतं.

मालनला तिच्याकडं बघवेना. कारण म्हशीचं पांघरूण काढून घेतलं होतं ते याच घरानं. तिनंच.

आता ही म्हैस कोण आणि पांघरूण कसलं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मालनचं घर पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतनं माळव्यात आलेल्या घरांपैकी. पाच पिढ्या झाल्या, पण सगुणाबाई अजून "आमच्या फलटणकडं" अशीच बोलायला सुरुवात करायच्या, जरी त्यांनी फलटण डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. मालनचा नवरा विठोबा थोरल्या पातीच्या फरासखान्यात कामाला होता. तंबू, कनाती, सतरंज्या, हत्तीघोड्यांच्या झुली जिथं ठेवतात, त्या कोठीवर. थोरली पाती म्हणायचं कारण, देवासात राज्यं दोन. थोरल्या भावाची एक पाती, धाकट्याची दुसरी, आणि दोन्हींची हद्द गल्लीबोळांतनं गेलेली. मालनच्या दारासमोरच्या गल्लीचा अलीकडचा काठ थोरल्या पातीचा, पलीकडचा धाकट्या पातीचा. मधनं गटार. समोरच्या घरी माई गवळण राहायची, म्हणजे ती परराज्यातली, आणि तिच्या चुलीचा धूर रोज बिनजकातीचा मालनच्या घरात यायचा.

संवत छप्पन्नच्या, म्हणजे छप्पन्न्याच्या दुष्काळात मालनची चांगली दुभती म्हैस चाऱ्यावाचून गेली. जाताना मागं एक पारडी ठेवून गेली, कातड्यात बांधलेली हाडं नुसती. मालननं तिला स्वतःच्या ताटातली भाकरी घातली, निंबाचा पाला, गवताची मुळं, कुडाचं गवतसुद्धा काढून घातलं. पारडी जगली. तिचं नाव तानकी ठेवलं. पाच सालांनी तानकी गाभण राहिली आणि माघात पहिल्यांदा विणार असं झालं, तेव्हा मालनला आभाळ ठेंगणं झालं.

त्यात आणखी एक होतं. मालनची एकुलती लेक, सुमंगला, सरदारपूरला दिलेली. जावई तिथल्या छावणीत. लेकीचं पहिलं डोहाळजेवण मालनला करायचं होतं, हिरवी साडी घेऊन ठेवली होती. पण व्याहीमंडळींनी ते तिकडंच उरकलं आणि इकडं नुसता नारळ धाडला. मालननं तो देवापुढं ठेवला. पण मनातली हौस कुठंतरी जायला पाहिजे होती.

"तानकीचंच करू या," संक्रांतीनंतर सगुणाबाईच म्हणाल्या. "पहिलारू म्हशीचं आमच्या फलटणकडं करतात. न्हाऊ घालायची, भादरायची, तेल लावायचं, ओटी भरायची."

तसं झालं. विठोबानं वस्तरा पाजळून तानकीला शेपटीपासनं शिंगांपर्यंत भादरली. लांब, भुरकट केसांचा ढीग पडला. मग जवसाचं तेल चोळलं. म्हैस अशी चकाकली, की तिच्या कुशीत तोंड बघून कुंकू लावावं. शिंगांना गेरू, कपाळाला हळद, पाठीवर हिरवी साडी पांघरली आणि गल्लीतल्या बायकांनी पुरणपोळीचा घास भरवला. तानकीनं घासाबरोबर एकीचा पदरही खाल्ला. हसून हसून पुरेवाट झाली.

हसली नाही ती एकटी माई. गटाराच्या पलीकडं उभी राहून ती बघत होती. तिची बोली अर्धी माळवी, अर्धी या गल्लीत राहून उचललेली मराठी. मालनला ती माळवी रीतीनं लाडी, म्हणजे सूनबाई, म्हणायची.

"लाडी," ती मालनला म्हणाली, "यो कई कर्‍यो? सियाळ्यात बाल उतारले? अरी, ते तिचे ओढणे होते, पांघरूण!"

"हिवाळा असला तरी आमच्यात रीत आहे, माई."

"रीत उन्हाळ्यात कर."

सगुणाबाईंना ते झोंबलं. "गवळीणबाई, तुमच्या म्हशी बघा जरा. म्हशी आहेत का अस्वलं? केसातनं डोळे शोधावे लागतात."

"अस्वल तो अस्वल," माई म्हणाली. "जिवंत तो हे." आणि पदर झटकून आत गेली.

तेव्हापासून दोन्ही काठांवर बोलणं बंद. आणि आता पाणी थिजलं होतं, घंटी किणकिणत होती.

उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या. शिवारात अफू आडवी झाली, तुरी होरपळल्यासारख्या काळ्या पडल्या, एरंडाची पानं उकडल्यासारखी लोंबली. मालनच्या अंगणातला निंब, कालपर्यंत हिरवागार, तोही करपला. आग न लावता झाड जळतं, हे लोकांनी पहिल्यांदा बघितलं. माळवी म्हातारे म्हणाले, पाला पडला, म्हणजे दव गोठून पिकं जळाली. मराठी घरांत त्याला शब्दच नव्हता. ती नुसती हिंव, हिंव म्हणत राहिली.

विठोबा फरासखान्यात गेला आणि तिथल्या मानसिंगराव दरोग्यांपुढं उभा राहिला. दरोगे म्हणजे जिभेचे तिखट, मनाचे मऊ.

"काय रे, तोंड का उतरलंय? म्हैस गारठली? मग भादरली कशाला, लेका? लग्नाला न्यायची होती?" असं म्हणत त्यांनीच एका पेटाऱ्याचं झाकण उघडलं. "ही घे. मोत्या हत्तीची झूल. हत्ती गेला छप्पन्न्यात, झूल उंदरं खातायत. पोटुशीच्या अंगावर पडली तर कुणी काय म्हणणार नाही. म्हणालं तर माझं नाव सांग."

झूल घरी आली, तेव्हा दुःखातसुद्धा गल्ली हसली. लाल कापडाची, कलाबतूचे काठ, आणि इतकी मोठी की तानकी झाकून उरलेली झूल गोठ्याच्या दारापर्यंत लोळली. म्हैस दिसेनाशी झाली. नुसता एक तांबडा डोंगर, आणि आत घंटी.

"आता कसं ऐटीत," विठोबा म्हणाला. "गड्यांनो, हिच्यावर अंबारी ठेवली की झालं."

मालननं हात जोडले, मानसिंगरावांच्या नावानं देवाजवळ दिवा लावला. संध्याकाळी घंटी जरा मंदावली होती. तिला वाटलं, निभावलं.

पण झूल सुती. गोठा तीन बाजूंनी उघडा, वर ताडाच्या पानांचं छप्पर. पडलेलं दव झुलीनं पिऊन घेतलं, आतनं म्हशीच्या अंगाचा दमटपणा तिनं धरला. पहाटे मालननं झूल उचलायला हात घातला, तर ती पापडासारखी कडक झाली होती, मोडेल की काय अशी. आणि खाली तानकीचं अंग ओलंगार. थरथर कालच्यापेक्षा वाढलेली. तिचे डोळे आत गेले होते आणि कास दुधानं ताठरली होती. म्हणजे आज ना उद्या ती विणार. विणारीला अंगात बळ लागतं, आणि हिचं सगळं बळ थरथरण्यातच चाललं होतं.

मालननं झूल बाजूला सारली. मग तिनं गटार ओलांडलं आणि ती माईच्या दारात जाऊन उभी राहिली.

माई तेव्हा एक मेलेलं करडू फडक्यात गुंडाळत होती. दुसरं शेजारी निपचित पडलेलं. मालनला वाटलं, ही आता मला चार शिव्या देईल, आणि द्यायलाच पाहिजेत.

"माई, चुकलं माझं," ती म्हणाली. "तानकी जगत नाही."

माईनं फडक्याला गाठ मारली. मान वर न करता म्हणाली, "म्हारी बी चुकली. करडू बाहेर राहिले. मी म्हणले, काल जगले, आज बी जगतील." मग हात पुसून ती उठली. "चल, बघू दे."

तिनं तानकीच्या कुशीवर तळवा ठेवला, कानाची मुळं चाचपली. कान थंडगार होते. मग ती मालनवर उखडली.

"या भिजेल्या गोधडीपरास उघडी ठेवती तर बरे होते! अरी, ती चिडी बघ वळचणीला. कशी फुगून बसली? पंखात ऊब भरून ठेवली तिने. टेकडीवरचे वांदरे बघ, एकमेकाले चिपकून गठडी करतात, पिल्लू मधी घेतात. रानात खाकरा, तुमचा पळस, सागवान बघ, पान टाकून देतात आणि आपल्याच पायावर पसरतात. मुंग्या खाली गेल्या, साप खाली गेला. दुनियेत सगळे काही ना काही ओढून बसलेत, लाडी. एक थारी म्हैस उघडी."

मालनला रडू फुटलं. माई मग अगदी निराळ्या आवाजात म्हणाली, "रो मत. मी बी नवी लाडी होती तवा माघात बकरी कतरली होती. मर गई. सासूने लई गाल्या दिल्या. तुले दुसरे कोण देणार, म्हणून मी दिल्या. आता हिले म्हाऱ्या गोठ्यात आण. म्हाऱ्या पाच हेत. त्यांच्या मधी उभी करू. जनावर जनावराले तापवते."

ही गोष्ट सगुणाबाईंच्या कानावर गेली आणि त्या दारात आडव्या झाल्या. "आपल्या घरची पहिलारू दुसऱ्याच्या दारात बाळंत व्हायची? आणि ती पण धाकट्या पातीत? जगात तोंड दाखवायला जागा राहील का? रेडकू कुठल्या पातीचं म्हणायचं मग?"

"आत्याबाई, आधी रेडकू होऊ दे," मालन म्हणाली. सासूला उलट उत्तर देण्याची तिची ही पहिली खेप असावी. "मग पाती बघू."

सगुणाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. घंटी वाजतच होती. हळूहळू त्यांनी अंगावरची घोंगडी सोडवली. काळी, जाड, बोटभर विणीची, फलटणकडच्या धनगरानं विणलेली. त्यांचे सासरे एकदा फलटणकडं जाऊन आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर ती माळव्यात आलेली, पुढं नवऱ्यानं वापरलेली आणि नवरा गेल्यावर त्यांच्या अंगावर राहिलेली. सुनेलाही कधी तिला हात लावू दिला नव्हता. त्या गोठ्यात गेल्या, तानकीचं ओलं अंग आपल्या हातानं कोरड्या गोणपाटानं पुसलं आणि घोंगडी तिच्या पाठीवर टाकली.

"लोकर आहे," त्या म्हणाल्या. "दवाला दाद देत नाही. सुतासारखी फितूर व्हायची नाही."

दिवस कलायच्या आत तानकीला हलवली. विठोबा पुढं दावं धरून, मालन मागनं. गटाराशी म्हैस थबकली. पलीकडनं कुणीतरी थट्टा केली, "विठोबा, सरहद्द ओलांडतोयस. सायरवाला जकात मागायला आला तर काय सांगशील?"

"माल नाही म्हणावं," विठोबा ओरडला, "माहेरवाशीण आहे! माहेरवाशिणीवर जकात घेतात होय रे?"

माईचा गोठा म्हणजे बुटकं, मातीच्या भिंतींचं, अंधारं घरच. वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या छपरापर्यंत रचलेल्या. खाली खाकऱ्याच्या वाळक्या पानांचा गुडघाभर थर, वरनं सुकं शेण भुरभुरलेलं. आणि त्या पाच अस्वलं. केसाळ, वासट, पण हात लावावा तर तव्यासारख्या उबदार. माईनं त्यांना ढुसण्या देऊन बाजूला सारलं आणि तानकीला मधोमध घुसवली. पहिल्यांदा त्यांनी शिंगं हलवली. मग एकीनं तिची मान हुंगली, दुसरी तिच्या कुशीला टेकून उभी राहिली. माईनं गूळ, ओवा आणि तिळाची पेंड उकळून तिला पाजली. माईचा हात लागला, तसं तानकीनं डोळे मिटले.

"आता घरी जा, लाडी. तू इथे रडत बसली तर तीच उठून तुझ्याकडे बघेल."

मालन घरी आली. अंथरुणावर पडली, पण कान गल्लीपलीकडं लागलेले. घंटी ऐकू येत होती, बारीक, एकसारखी. ती ऐकताऐकताच कधीतरी तिचा डोळा लागला.

जाग आली ती उजाडताना. पाखरं गप्प होती. कुडाच्या फटीतनं पांढरा उजेड येत होता. मालन उठून बसली, कान दिला. काही नाही. पुन्हा कान दिला. घंटी वाजत नव्हती.

विठोबाला तिनं हाकही मारली नाही. तशीच ती उठली, अनवाणी, डोक्यावर पदर नाही. गटाराच्या कडेचं पाणी पायाखाली कुरकुर मोडलं. माईच्या गोठ्याचं फळकूट तिनं ढकललं आणि दारातच थांबली. आत जायचा धीर होईना.

आतनं उबेचा लोट तोंडावर आला. शेणाचा, केसांचा, पानांचा, आणि आणखी एक वास. ओला, गोडूस. तो वास मालन ओळखत होती.

अंधाराला डोळे सरावले. तानकी उभी होती. घंटी गळ्यात स्तब्ध. ती थरथरत नव्हती. मान खाली घालून, लांब खरबरीत जिभेनं, ती पानांतल्या एका काळ्या, ओल्या गोळ्याला चाटत होती. गोळ्याला चार लटपटे पाय होते आणि अंगभर, कानाच्या टोकापर्यंत, दाट, मऊ, भुरकट केस.

माई कोपऱ्यात पेंढ्यांवर बसली होती, गुडघ्यांत मान घालून. दिवा शेजारी विझलेला. "पारडी हे," ती न उठता म्हणाली. "तुझी म्हैस लई नखऱ्याची. तीन घंटे लावले. म्हाऱ्या काशी म्हशीच्या अंगावर रेलून व्याली, घरच्या गादीवानी."

मालन आत गेली आणि माईच्या पायांवर डोकं टेकून बसली. माईनं तिच्या उघड्या डोक्यावर तिचाच पदर ओढून दिला. "झाले, झाले. तू पण काही ओढत जा, लाडी. तुले बी पाला लागेल."

थोड्या वेळानं दारात काठी वाजली. सगुणाबाई गटार ओलांडून आल्या होत्या, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. घोंगडी अजून तानकीच्या पाठीवरच होती, बाळंतपणानं भरलेली. त्यांनी ती काढून घ्यायला हात केला, मग मागं घेतला.

"राहू दे तिच्याकडं," त्या म्हणाल्या. मग माईकडं न बघता, जरा खाकरून, "गवळीणबाई, तुमची अस्वलं चांगली आहेत."

माईनं हसू पदरात लपवलं.

पहिला चीक निघाला, त्याचा खरवस मालननं आधी टेकडीवरच्या देवीला नेला, मग माईच्या घरी आणि मानसिंगरावांकडं. पारडी कुठल्या पातीची, यावर गल्लीत पुष्कळ दिवस वाद रंगला. शेवटी तिचं नावच पातीबाई पडलं आणि ती दोन्ही काठांवर सारख्याच हक्कानं कडबा खाऊ लागली.

वारा ओसरला, तसा विठोबानं कोयता पाजळला. अंगणातला निंब काळाठिक्कर झाला होता, जळकी पानं लोंबत होती. "सगळं छाटून टाकतो," तो म्हणाला आणि फांदीवर चढलासुद्धा.

"उतरा खाली," मालन म्हणाली.

"अगं, मेलंय ते."

"मेलंय का जगलंय, शिमग्याला बघू. तोवर राहू दे त्याच्या अंगावर त्याची पानं. एकदा भादरलं, तेवढं पुरे."

विठोबा उतरला. कोयता खुंटीला अडकवला. शेजाऱ्यांनी आपापले निंब छाटले. मालनचा तसाच, भुतासारखा उभा राहिला. येणारा जाणारा नावं ठेवून गेला. वरची शेंडेफांदी खरंच मेली, ती पुढं सरपणाला गेली. पण शिमगा झाला आणि जळक्या पानांच्या आत, खोडालगत, तांबूस कोंब दिसायला लागले. पाडव्याला गल्लीत कुठं निंब मिळेना, तेव्हा गुढीला बांधायला आणि गुळाबरोबर खायला दोन्ही पातींची मराठी घरं मालनच्या दारात आली. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. माईलाही मूठभर पाला नेऊन दिला. माईनं चावून थुंकला आणि म्हणाली, "यो खाऊन साल सुरू करता? मराठे लोग!"

मालन पुढं पुष्कळ वर्षं जगली. तिनं म्हशी भादरल्या, पण वैशाखात. थंडीची पहिली चाहूल लागली की गोठ्यात जाऊन प्रत्येकीच्या पाठीवर उलटा हात फिरवून केस किती आलेत ते बघायची आणि चांगले आले असले की हात कपाळाला लावायची. हा नमस्कार कुणाला, असं विचारलं, तर म्हणायची, "ज्यानं दिलं त्याला. आणि एकदा मी काढून घेतलं, तरी ज्यांनी परत घातलं त्यांना."

पण हे पुढचं. त्या पाडव्याला मालननं निंबाचा शेवटचा डहाळा देऊन टाकला, हात झटकले आणि गोठ्यात वळली. शेण कालचंच पडून होतं, सणाच्या गडबडीत राहिलेलं. तिनं पदर खोचला, भुसा मिसळला, गोळा हातावर तोलला आणि उन्हातल्या भिंतीवर पहिली गवरी थापली. मागं तानकीनं मान हलवली, घंटी वाजली. मालननं वळून बघितलं नाही. माशी हाकलली असेल. तिनं दुसरा गोळा घेतला.